घोंगडी तेवढी परत आली

दिवाळी तोंडावर आली होती आणि मी चकल्यांची भाजणी भाजत बसले होते, तेव्हा वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "वन्सं, कळमनुरीचं कोनी मानूस आलंय. ह्यांची घोंगडी घेऊन आलंय. जरा चला." आवाज अगदी रोजचा. मी कढई उतरवली आणि तशीच निघाले. दादाच्या घरासमोर एक वयस्कर गृहस्थ उभे होते, बद्रीकेदार करून नुकतेच परतलेले. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं केला तर त्यांनी घेतला नाही, ओसरीवर बसा म्हटलं तर बसले नाहीत. मयताची खबर आणणारा माणूस त्या घरचं पाणी पीत नाही, हे मला ठाऊक होतं आणि वहिनींनाही ठाऊक होतं. तरी त्या तांब्या धरून उभ्याच राहिल्या.

त्यांनी सांगितलं ते एवढंच. रुद्रप्रयागच्या पुढं एका चट्टीवर, म्हणजे यात्रेकरू मुक्कामाला थांबतात तसल्या झोपडीवजा दुकानात, ते उतरले होते. दुकानदारानं 'तुम्ही निजामाकडचे का' असं विचारलं आणि आतून ही घोंगडी काढून दिली. तुमच्या मुलखातला एक माणूस होता, एकटाच, अंगानं काटकुळा, खोकला फार. पावसाळ्यात ताप आला आणि त्यातच गेला. गावच्या लोकांनी नदीकाठी अग्नी दिला. नाव काही दुकानदाराला सांगता आलं नाही, हिंगोली हे गाव तेवढं त्यानं बराबर ध्यानात ठेवलं होतं. इथं येऊन डोंगरात जाणाऱ्याचं घर कोणतं विचारलं, तर लोकांनी दादाचं दाखवलं. घोंगडीच्या कोपऱ्याला वहिनींनी लाल लोकरीचे टाके घातलेले होते, ते तसेच होते. घोंगडी दादाचीच. वहिनींनी ती घेतली, झटकली, उन्हात टाकली आणि त्या गृहस्थांना म्हणाल्या, "पानी प्या. तुमी घोंगडी आनली, खबर न्हाई आनली." ते बिचारे माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांना काय सांगणार, मलाच काही उमगत नव्हतं. आजही उमगत नाही. वर्तमानपत्रवाले पुरवणीसाठी भावाविषयी लिहून द्या म्हणाले म्हणून लिहायला बसले आहे, पण पलीकडच्या आळीत वहिनी कपाळाला कुंकू लावून ज्वारी निवडत बसल्या असतील. मी भावाचं मरण छापायला देते आहे आणि त्यांनी ते अजून उंबऱ्याच्या आत येऊ दिलेलं नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, रंगनाथ. हिंगोलीच्या एका कापसाच्या जिनात काट्यावर कामाला होता, गाड्या तोलायच्या आणि आकडा सांगायचा. जिन दिवाळीनंतर सुरू व्हायचं आणि चैत्रात बंद पडायचं. बंद पडलं की बाकीचे लोक शेतात जायचे, लग्नं उरकायचे. आमचा दादा डोंगरात जायचा. हे कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येत नाही, पण माझं लग्न नुकतंच झालेलं होतं, म्हणजे एकोणीसशे तीस-बत्तीसचा सुमार. पहिल्यांदा चिखलदऱ्यापर्यंत गेला, मग एकदम हिमालयच. सरकीच्या मोटारीवर बसून निजामाच्या हद्दीवरचा कनेरगावचा नाका ओलांडायचा, वाशीमवरून अकोल्यापर्यंत फुकट, तिथून थर्डक्लासनं हरिद्वार आणि पुढं पायी. सोबत एक घोंगडी, एक तांब्या, लाह्यांचं पीठ, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी. चट्टीवरच्या दुकानदाराकडून पीठ-डाळ घेतली की निजायला जागा आणि रांधायला भांडी फुकट मिळतात, हा शोध लागल्यावर तर तो असा खूश झाला की जणू त्याला जहागीर मिळाली. परत यायचा तेव्हा मात्र घोंगडी नसायची. दर वेळी. डोंगरातून उतरताना कुणा कुडकुडणाऱ्याला देऊन यायचा, आणि वहिनी पुढच्या सालासाठी नवी घ्यायच्या, तिच्या कोपऱ्याला पुन्हा लाल टाके घालायच्या.

बरं, देवाला जावं तर तेही नाही. बद्रीच्या वाटेनं जायचा आणि देऊळ दोन मुक्कामांवर राहिलं की माघारी फिरायचा. म्हणे, पुढं गर्दी फार. गावात लोक मावंदं कधी घालता म्हणून विचारायचे. यात्रा करून आलेल्यानं गंगेची पूजा करून जेवण घालायचं असतं, त्यासाठी गंगा तर आणायला हवी. मी एकदा चिडूनच विचारलं, "दादा, गंगा काहून नाही आणलीस?" तर म्हणाला, "तांब्यात व्हती गोदे, वाटंत तहान लागली." मग ओसरीवर बसून सांगत राहायचा. देवप्रयागला दोन नद्या भेटतात, एक हिरवी-निळी आणि एक मातकट, आणि भेटल्यावरसुद्धा बराच लांबवर दोन्ही आपापल्या रंगानं वाहत जातात. डोंगराच्या अंगावर शेतं जिन्याच्या पायऱ्यांसारखी. पहाटे बर्फाचं शिखर आधी गुलाबी होतं आणि मग जिनातल्या रुईच्या गंजीसारखं पांढरं. एकटाच काहून जातोस, विचारलं तर म्हणायचा, "दोघं असलं का बोलनं होतं, डोंगर राहून जातो." मला ते तेव्हाही कळलं नाही. पोटापाण्याचं नाही, पुण्याचं नाही, मग एवढी तकलीफ घेऊन माणूस जातो कशासाठी?

वहिनींना विचारलं तर त्यांचं उत्तर भलतंच. "वन्सं, जिनातला कापसाचा कुस छातीत बसतो. रातभर खोकतात. डोंगरातून येतात तवा दोन महिने खोकला न्हाई." मी हे दादाला सांगितलं तर तो हसला, "खोकल्याचं तिला सांगावं लागतं, नाहीतर पीठ दळून कोन देईल." यातलं खरं कोणतं? नवऱ्यानं बायकोला बनवलं होतं, का बायको सगळं जाणून दळून देत होती? लेकरूबाळ नव्हतं त्यांना, घरात दोघंच. दोघांच्या मधलं मला कधीच धड दिसलं नाही.

आणि मग ते कावळ्याचं. छत्तीस की सदतीस साल असेल. जेठाचं ऊन आणि माझ्या दारात टपालवाल्यानं कार्ड टाकलं, मयताच्या खबरीचं असतं तसं कोपरा फाडलेलं. अनोळखी अक्षर. रंगनाथराव देवाज्ञा पावले. मी तशीच ओरडत वहिनींकडं पळत गेले. बायका जमल्या, बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं गेलं. वहिनी रडल्यासुद्धा नाहीत, नुसत्या भिंतीला टेकून बसल्या. खरा प्रकार असा होता, की चट्टीवर जेवताना कावळा दादाच्या डोक्याला शिवून गेला होता. कावळा शिवला की मरण येतं, आणि आपल्या माणसांना मेल्याची खोटी खबर धाडून रडवलं की ते टळतं, हे आमच्याकडं सगळेच मानतात. दादा एरवी असल्या गोष्टींना हसायचा. पण एकटा होता, परमुलखात होता, घाबरला. तिथल्याच एका वऱ्हाडी यात्रेकरूकडून मला कार्ड लिहून घेतलं. बायकोला नको, बहीण रडली तरी पुरे, असा त्याचा हिशोब. दुसऱ्या दिवशी खुशालीचं दुसरं कार्ड टाकलं. ते कुठं अडकलं कोण जाणे, तो स्वतः घरी पोचल्यानंतर आलं.

तो आला तेव्हा जिनाचे चौकीदार करीमभाई त्याचं मनगट धरून त्याला घरापर्यंत घेऊन आले. भरदिवसा, भर रस्त्यानं. वाटेत जो तो दचकून बाजूला व्हायचा, आणि करीमभाई प्रत्येकाला सांगायचे, "हात लगाके देखो, गरम है." दारात आल्यावर त्यांनी वहिनींनाही तेच सांगितलं, "बाई, मैं खुद देखा. गरम है." वहिनी उठल्या, दादाकडं एकदा पाहिलं आणि आत गेल्या. पुसलेलं कुंकू पुन्हा कसं लावायचं यावर म्हाताऱ्याकोताऱ्यांचा मोठा खल झाला. कुणी म्हणे शांती करा, कुणी म्हणे पुन्हा लगीन लावा. शेवटी दादानंच करंडा आणून वहिनींच्या कपाळाला बोट टेकवलं. वहिनी सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "यापुढं कसलीबी खबर आली तरी म्या पुसनार न्हाई. तुमी सोता येऊन सांगायचं." बायका हसल्या. दादाही हसला. वहिनी हसल्या नाहीत.

त्यानंतर दोन-तीन उन्हाळे तो घरी राहिला, मग पुन्हा जायला लागला. यंदाचं साल कसं होतं ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. रझाकारांच्या धास्तीनं घरंच्या घरं नाक्यापलीकडं वाशीमच्या बाजूला निघाली होती, डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरं. त्या गर्दीत दादाही निघाला, खांद्यावर घोंगडी टाकून. लोकांनी विचारलं, कुण्या पाव्हण्याकडं? तर म्हणाला, डोंगरात. मी वहिनींना म्हटलं, तुम्ही तरी अडवा, हे काय दिवस आहेत? त्या म्हणाल्या, "खोकला लई वाढलाय, वन्सं." टपाल बंदच पडलेलं. भाद्रपदात निजामाची फौज शरण गेली, नाका मोकळा झाला, गेलेले लोक हळूहळू परतले. दादा परतला नाही. आणि मग दिवाळीच्या तोंडावर घोंगडी आली. एरवी तो यायचा आणि घोंगडी मागं राहायची, यंदा घोंगडी तेवढी परत आली.

वहिनींचं म्हणणं सरळ होतं. घोंगडी ते दर साली कुणालातरी देतातच. देताना गावाचं नावबी सांगितलं असंल. ज्याला दिली त्यो बिचारा गेला. मी म्हटलं, खोकल्याचं काय? त्या म्हणाल्या, डोंगरात खोकनारे काय थोडे हायत? रात्री मला वाटायचं दादा गेला, सकाळी त्यांच्या ओसरीवर गेलं की वाटायचं, त्या म्हणतात तसंच असेल. चुलते आले, म्हणाले कयाधू नदीवर पिंड ठेवू, कावळा शिवला की समजेल. वहिनी आतून म्हणाल्या, "एकदा कावळ्याच्या पायी माझ्या बांगड्या फुटल्या. आता पुन्हा कावळ्यालाच विचारू का?" चुलते उठून गेले.

मला वहिनींचा भयंकर राग आला होता. खोटं कशाला सांगू? माझा सख्खा भाऊ गेलाय असं माझं मन सांगत होतं आणि मला रडायची सोय नव्हती. मी रडले असते तर गावानं लगेच मान्य केलं असतं, बायका जमल्या असत्या, आणि वहिनींच्या कपाळाला हात गेला असता. मागच्या वेळी माझ्याच रडण्यानं तसं झालं होतं. म्हणून मी तोंड दाबून घरात वावरत होते. दिवाळी केली नाही आणि मोडलीही नाही.

भाऊबीज आली. दादा दर साली खण घेऊन यायचा, पाटावर बसून ओवाळून घ्यायचा. मी सांजेला पाट मांडला. मग वाटलं, कुणासाठी? उचलला. पुन्हा मांडला. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात, आणि बाहेर पश्चिमेला बारीक कोर दिसत होती, थोड्या वेळात मावळली असती. तबकात दिवा लावून मी अंगणात नुसती उभी होते. पाटाकडं जावं का चंद्राकडं, काही सुधरत नव्हतं. तेवढ्यात वहिनी आल्या. नऊवारी चापून नेसलेल्या, कपाळाला नेहमीपेक्षा मोठं कुंकू. त्यांनी पाट पाहिला, मला पाहिलं आणि स्वतःच तो पाट उचलून भिंतीला लावून ठेवला.

"वन्सं, चंद्राला ओवाळा."

मी म्हटलं, "म्हणजे तुमी मानलं?"

"तुमचा भाऊ गेला, वन्सं. किती दिस दाबून धरता? रडून घ्या आता."

"आन् तुमचं?"

"माझे मालक अजून यायचे हायत."

मी कोरीला ओवाळलं. तबक खाली ठेवायचंही भान राहिलं नाही, त्यांनी ते हातातून काढून घेतलं. मग मी रडले... इतक्या दिवसांचं सगळं रडले. दुसऱ्याच्या घरी दुखवट्याला आलेल्या बाईनं समजूत घालावी तशी वहिनींनी मला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या, उगी म्हणत राहिल्या. त्यांचं कपाळ माझ्या खांद्यावर टेकलं होतं. त्या गेल्यावर दिव्यापाशी पाहिलं तर पातळाच्या खांद्यावर कुंकू उतरलेलं होतं, तांबडंलाल. ते पातळ मी घडी घालून ठेवलं आहे. धुवायला काढते आणि पुन्हा ठेवून देते.