सासऱ्यांची उतईची केस

माझ्या सासऱ्यांनी ज्याच्यावर एकदाही संशय घेतला नाही, असा माणूस अख्ख्या भिलाईत सापडायचा नाही. ते पोलिसात फौजदार होते. फार वर्षांपूर्वी भिलाईजवळच्या उतई गावाच्या रस्त्यावर, मजुरीवरून घरी परतणाऱ्या चार बायका काही महिन्यांच्या अंतराने गळा दाबून मारल्या गेल्या. तपास यांच्याकडे होता, आणि खुनी सापडला नाही. रिटायर झाल्यावर लोक अंगणात वांगी-टमाटे लावतात. हे खुनी शोधत राहिले. जुनवानीतल्या त्यांच्या घरी मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पगार-शिक्षण राहिलं बाजूला, त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "त्या साली तुमी कुठं होते?" मी तेव्हा नागपुरात तिसरीत होतो. "कोनी पाह्यलं होतं का तुमाले तिथं?" पोह्यांच्या बशा घेऊन आलेल्या सासूबाई वैतागून म्हणाल्या, "अवो, पोरगा पसंत हाय का नाही, तेवढं सांगा ना!"

खुनी डावखुरा असावा, असा डॉक्टरांचा अंदाज होता. त्यापायी आमच्या लग्नात माझ्या डावखुऱ्या भावाच्या समोर बसून, त्याचं जेवण होईस्तोवर हे त्याच्याकडे टक लावून होते. सिविक सेंटरला चप्पल घ्यायला जावं, तर दुकानदाराने डाव्या हाताने खोकं काढलं की त्याचं गाव, बापाचं नाव, जुना धंदा सगळं निघायचं आणि चप्पल राहून जायची. आम्ही पोट धरून हसायचो. सकाळी दाढी करताना ते आरशापुढे त्या चौघींची नावं पुटपुटतात, हे बायकोने सांगितलं आणि माझं हसणं थांबलं.

मध्यंतरी दुसऱ्या राज्यातल्या तुरुंगात एका कैद्याने हे चारही खून कबूल केले. फाईल बंद झाली. शेजारी पेढे घेऊन आले; सासऱ्यांनी पेढ्याला हात लावला नाही. जुन्या ओळखीपाळखीत फोन करकरून त्यांनी शोधून काढलं, की तिसऱ्या खुनाच्या वेळी तो माणूस भलत्याच गुन्ह्यात आत होता. वरचे साहेब म्हणाले, "अब रिटायर हो गए हैं, छोड़िए."

"त्या मायले तं खरं सांगाच लागन," ते मला म्हणाले. चौथ्या खुनात गेलेल्या मुलीची आई उतईत राहायची. खुनी सापडला नाही, हे तिला सांगायला ते इतकी वर्षं न चुकता जात. मी स्कूटरवर घेऊन गेलो. मागे बसून ते रस्ताभर वाक्यं जुळवत होते.

म्हातारी दारातच उभी होती. आजवर पेटीत दडवलेला लेकीचा फोटो तिने भिंतीला लावून त्याला हार घातला होता. सासऱ्यांचे दोन्ही हात धरून तिने छत्तीसगढीत विचारलं, "पकड़ा गे न, साहेब?"

त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं.

"हव दाई," ते तिच्याच बोलीत हो म्हणाले. "पकड़ा गे."

परतताना त्यांनी स्कूटर थांबवायला लावली आणि उतरून एका शेताच्या बांधावर बसले. "जवाईबापू, बरोबर केलं का म्या?"

अजूनही ते उतईला जातात. म्हातारीने पाहिलं तर विचारेल, आता कोणाला शोधून राहिले म्हणून. त्यामुळे ते गावाच्या अलीकडेच ऑटोतून उतरतात आणि तिच्या गल्लीकडे पाठ करून, भेटेल त्याची हळू आवाजात विचारपूस करत हिंडतात.