दुसरा कॉम्प्रेसर

दुपारचं जेवण अंगावर आलंय. हेमांगी सोफ्यावर लवंडते, डोळे मिटते. पण डोळा लागेल तर शपथ! सकाळच्या मीटिंगमधलं स्वतःचंच वाक्य कानात घुमतंय. किनाऱ्यावरच्या बर्फाच्या कारखान्याचा एक कोपरा खचलाय. "चूक कोणाची?" असं मालक मयेकरांनी विचारलं, आणि ही इंजिनीअर बाई पटकन बोलून गेली, "पायाच्या खांबांचं, पाइल्सचं डिझाइन आठल्ये सरांचं होतं." ज्यांच्या हाताखाली ती शिकली ते सर गेल्या वर्षीच गेले. गेलेला माणूस काय उलटून बोलणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळी अहवालात तेच जाणार.

पंखा गरगरतोय. समोरच्या खुर्चीत आठल्ये सर बसलेत, मांडीवर ड्रॉइंग पसरून.

"ये गं. माझं कुठे चुकलं ते सापडतच नाहीये. तू म्हणालीस म्हणजे चुकलंच असणार."

तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. रागावले असते तर परवडलं असतं. हे तर नापास झालेल्या पोरासारखे ओशाळलेत.

"चहा टाकते सर," असं कसंबसं म्हणत ती स्वयंपाकघरात शिरते, तर तिथे कारखाना. ओट्याच्या जागी दोन कॉम्प्रेसर धडधडतायत. सर उकिडवे बसून लादीवर तळवा टेकवतायत.

"नुसतं वजन असतं तर वाळूनं पाइल घट्ट धरून ठेवली असती. पण पाणी भरलेली वाळू सारखी हादरत राहिली की पकड सोडते. एका यंत्राचे हादरे हिशेबात धरले होते मी. कमी धरले का गं?"

"सर, उठा ना तिथून."

आता लादी नाही, ओली पुळण आहे. सर एकसारखे पाय आपटतायत. पाणी वर येतं. घोटे बुडतात, मग गुडघे.

"थांबा सर! पाय हलवू नका!"

"बघू दे, कुठे चुकलं ते." वाळू कमरेपर्यंत आलीय. ते तिचं मनगट पकडतात.

"तुमचं नाही चुकलं हो! दुसरा कॉम्प्रेसर नंतर आला. काही न तपासता मी बसवू दिला!"

सरांचे पाय थांबतात. "खरंच? माझं बरोबर होतं?" त्यांचा चेहरा असा उजळतो की हेमांगीला वर बघवत नाही. स्वतःची एवढी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

"कोणावर ओरडतेयस?" नवरा दारात उभा आहे.

हेमांगी उठून बसते. खिडकीबाहेर गावातला रस्ता, समुद्र लांब राहिला. तिच्या उजव्या मनगटावर ओली वाळू चिकटलीय, चार बोटं उमटलेली.

ती वाळू झटकत नाही. त्याच हातानं फोन लावते.

"मयेकर, अहवाल थांबवा. सरांचं डिझाइन बरोबर होतं. सकाळी मी खोटं बोलले."