दादाने टेप मागितला

मंडळी, आज सुट्टी म्हणून दादा माझ्या सिल्वासाच्या खोलीवर आला होता. लहानपणी नंदुरबारला आम्ही कॅसेट लावून उड्या मारत पळायचा व्हिडिओ गेम खेळायचो, त्याचाच नवीन भाग मी घेतलाय. तेव्हा दादा मला हरवून रडवायचा.

आज तो पहिल्याच खड्ड्यात पडत राहिला. पळायचं बटण दाबून ठेवून उडी मारायला उजवा अंगठा लागतो, आणि दादाचा अंगठा कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेलाय. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "काय दादा, आता तू रडणार का?"

त्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हात बटणांवर असले तरच ती खाली येते. माल पटापट निघावा म्हणून तिथे सगळेच एक बटण चिकटपट्टीचा टेप लावून दाबून ठेवतात, म्हणजे एक हात मोकळा. दादानेही लावला होता.

तो हसला नाही. म्हणाला, "टेप दे."

पळायचं बटण त्याने टेपने दाबून टाकलं, बोटाने उड्या मारल्या आणि मला हरवलं. "बघ, टेप लावला की जमतं."

उद्यापासून तो परत त्याच प्रेसवर आहे. जाताना माझा टेप खिशात घालून गेला.

तुम्ही काढून घेतला असता का?