बसप्पाचा तराफा

बसप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "कुणी सांगितलं?" माणूस गेला तरी माझा संशय काही जात नाही. नांदेडहून लातूरला मातीला गेलो. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला खड्ड्यात मांडी घालून बसवलं होतं, दुकानात गादीवर बसायचा तसाच. ते पाहताना त्याचं एक जुनं बोलणं आठवलं...

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, तेव्हाची गोष्ट. बसप्पा माझा शाळेपासूनचा दोस्त, लातुरात त्याचं मोटारी-पाइपांचं दुकान. मी नांदेडला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून. एका उन्हाळ्यात तो एसटीने आला आणि चहा प्यायच्या आधीच म्हणाला, "दत्ता, तराफा करू. खाली ट्रॅक्टरच्या ट्यूबा, वर बांबू. नांदेडहून गोदावरीतनं निवांत बासरच्या सरस्वतीपर्यंत जायचं. आठ दिवस लागू दे, न्हाईतर पंधरा." दुष्काळाचं वर्ष, गोदावरीत म्हशी बसायला पाणी नव्हतं.

"कशावर तरंगायचं, धुरळ्यावर?" मी म्हणालो.

"येतंय की पाणी. तवर ठरवून ठिवू. तुमची राख तरी गोदावरीत जाती. आमाला मातीत बसवतेत. मला जित्तेपणीच जायला पायजे."

बोलणं छान होतं. व्यापारी छान बोलायला लागला की मी सावध होतो.

त्यानंतर दर भेटीत एकच चौकशी. कोणत्या गावाला काठावर वाळू हाय, किती लांब पसरली हाय, दरड कुठं हाय. मग नदीचा नकाशाच मागू लागला. माझं डोकं चाललं. नवा जिल्हा, लातुरात जिकडेतिकडे बांधकामं, वाळूचे ट्रकच्या ट्रक लागत होते. गड्याला तराफा नको होता, वाळूचा ठेका हवा होता, आणि मी त्याचा फुकटचा दलाल! नकाशा साहेबांच्या कपाटात आहे, असं ठोकून दिलं. तो माझ्याच टेबलाच्या खणात होता. पुढे नदीला पाणी आलं, बसप्पा ट्यूबा घेऊन दारात उभा राहिला. मी म्हणालो, रजा मिळत नाही. तो ट्यूबा घेऊन परत गेला. दरवर्षी विचारायचा आणि मी दरवर्षी रजेवर ढकलायचो. होता होता वय झालं, त्याने विचारायचं सोडलं... तेव्हाही मला वाटलं, ठेका दुसरीकडून मिळाला असेल.

माती दिल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच्या घरी गेलो. मल्लम्मावहिनींनी कपाटातून एक वही काढून हातात दिली. नांदेड ते बासर मुक्कामांची यादी. गावागावापुढे त्याचं गिचमिड अक्षर. "इथं दरड. दत्ताला जमणार नाही." "इथं वाळूचा उतार. दत्ता उतरेल." माझा डावा पाय लहानपणापासून अधू आहे. शाळेत असताना बसप्पा मला पाठीवर घेऊन ओढा ओलांडायचा. मी ते विसरून गेलो होतो, तो विसरला नव्हता. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"वहिनी, मला वाटलं, त्याला वाळूचा धंदा करायचाय."

"ठाऊक व्हतं त्यांना," चहा गाळता गाळता वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, दत्ताला लई संशय हाय. असू दे. एकदा पाण्यावर बसला की जाईल."

वही मागून घ्यावी असं फार वाटत होतं. मागायला तोंड नव्हतं. उठलो आणि कपाटात जिथली तिथं ठेवून दिली.