मुकादम शिडीवर अडकले तेव्हा

कोळशाची खाण बंद पडली तरी सगळे त्यांना मुकादमच म्हणत. उभी हयात जमिनीखाली गेलेली. संध्याकाळी वस्तीत दिवे लागले की त्यांची छाती अशी फुगायची, जणू एकेक दिवा त्यांनीच पेटवलाय.

मुलगी वाऱ्याच्या कंपनीत लागली तेव्हा त्यांनी तिची यथेच्छ टर उडवली होती. टेकडीवरच्या पवनचक्क्या दुरुस्त करायचं तिचं काम. कुणी विचारलं की हे सांगायचे, आमची लेक पंख्यांना तेल घालते. जेवताना बापलेकीची जुंपायची. त्यांचं म्हणणं, कोळसा हातात घेता येतो, ढीग घालून ठेवता येतो. वारा म्हणजे लहरी पाहुणा, आला तर आला. ती म्हणायची, वारा आज पडला तरी उद्या सुटेल, पण जाळलेला कोळसा परत जमिनीत कोण भरणार? यावर मुकादम घटाघटा पाणी पिऊन उठायचे. कारण खाली काय चाललंय ते त्यांना दिसत होतं. कोळशाचा थर पातळ होत चालला होता. जिथे पूर्वी काळं कुळकुळीत लागायचं, तिथे पहार आता दगडावर खणखणत होती.

शेवटी खाणीला टाळं लागलं. वाऱ्याच्या कंपनीने खाणीतली काही माणसं घेतली, त्यांत मुकादमही होते. आणि नेमके आले ते मुलीच्या तुकडीत. तिथली प्रमुख तीच.

पवनचक्कीचा खांब आतून पोकळ असतो. आत सरळ वर जाणारी लोखंडी शिडी. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर. मुकादमांना वाटलं, यात काय आहे? आपण पाताळात उतरलेली माणसं. पहिल्या दिवशी ते तरातरा चढले. मग कशी कोण जाणे, नजर खाली गेली. दारातून येणारा उजेड खाली रुमालाएवढा दिसत होता. हातांनी गज धरला तो धरलाच. पहिल्यांदा खाणीत उतरून भिंतीला चिकटून बसलेली नवखी पोरं त्यांना आठवली. त्या पोरांना पाहून मुकादम पोट धरून हसले होते.

वरून कुणीतरी हाक मारली. यांना ओ देता येईना. मग मुलगी खालून चढून आली, त्यांच्या अगदी खालच्या पायरीवर थांबली आणि दोन्ही बाजूंनी हात घालून तिने गज धरला. "बाबा, मी आहे. उजवा पाय खाली घ्या. आता डावा." लहान मुलाला चालवावं तसं तिने त्यांना उतरवलं. खाली तुकडी उभी होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं मुकादमांना वाटलं.

त्यानंतर त्यांना जमिनीवरचं काम मिळालं. पट्टे-दोर तपासायचे, हत्यारांची पिशवी वर पाठवायची. काम नीट करत. पण चहाच्या टपरीवर खाणीतलं पाणी उपसणारा जुना सोबती, पंपवाला, भेटला की त्यांची जीभ घसरायची. वरून अख्खी वस्ती कशी काडेपेटीएवढी दिसते, वारा कसा कानात घुमतो, सगळं रंगवून सांगायचे. मुलीकडून ऐकलेलं.

एका दुपारी पंपवाला टेकडीवर येऊन थडकला. मुलगी नुकतीच खाली उतरली होती, चेहरा घामाने थबथबलेला. त्याने तिला कौतुकाने विचारलं, "काय गं, तुझे बाबा या वयातही वर चढतात म्हणे?"

तिने वडिलांकडे पाहिलं. ते हातातल्या दोराची गाठ सोडवत होते. दोराला गाठ नव्हती.

"चढतात ना काका," ती म्हणाली.

परतताना गाडीत दोघं शेजारी बसली होती. मुकादमांनी खिडकीबाहेर बघतच विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तुम्हाला खोटं पाडू?"

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मुकादमांना जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. आपल्या बढाईसाठी पोरीला खोटं बोलायला लागलं, आणि त्याच पोरीच्या कामाला आपण वस्तीभर हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंपवाल्याला टपरीवर गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. अडकलो, पोरीने उतरवलं, नंतर शिडीला हात लावला नाही. सांगताना कान तापले होते. पंपवाल्याने बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "आणि तिला नाही का रे भीती वाटत?"

ती रोज सकाळी वर जायची आणि आपण तिला हे कधी विचारलंच नाही, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. शिडीवर अडकले होते तेव्हाही इतकं ओशाळं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी ती दाराशी बूट काढत बसली होती. मुकादम तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि त्यांनी तेच विचारलं.

तिची बोटं नाडीवर थांबली. "वाटते की. जोराचा वारा असला की खांबाच्या टोकावरची यंत्राची खोली बोटीसारखी डुलते. परवा तर मी डोळे मिटून बसले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हसला असता."

मुकादमांनी मान खाली घातली. मग खाली वाकून तिच्या दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली. ती नको म्हणाली, पण पाय मागे घेतला नाही.

"सांग," ते म्हणाले, "परवा काय झालं ते."