फोटो घराबाहेर जाणार नाही

रागाचा इतका चांगला उपयोग करणारं दुसरं माणूस अख्ख्या खानदेशात झालं नसेल, असं माझ्या मावससासूबाईंबद्दल मी छातीठोकपणे सांगू शकतो. इतर लोक कारणाने रागावतात. या बाई सकाळी रागावूनच उठत आणि कारण दिवसभरात आपल्या पायांनी चालत येई. ते येण्याची सोयही त्यांनी करून ठेवली होती. जळगावच्या घरात, पुढच्या खोलीत बसून त्या लग्नं जुळवत. मुलींचे फोटो एका पत्र्याच्या डब्यात, मुलांचे दुसऱ्यात, आणि मध्ये पहाऱ्याला त्या स्वतः. सारं गाव त्यांना अक्का म्हणे. त्यांचे यजमान, नाना, मागे मुकाट चहा करत. पाहुण्यांना ते आचारी वाटत, आणि नानांनीही तो गैरसमज कधी दूर केला नाही.

ऐंशीच्या पुढची ती वर्षं. मुलगी बघायला येणारे लोक तेव्हा काय काय बघत, हे आठवलं की आजही माझं डोकं तापतं. चालून दाखव, वेणी सोड, जोरात वाचून दाखव. गुरांच्या बाजारात तरी गिऱ्हाईक बैलाला आधी गोंजारतं. अक्कांच्या खोलीत हे चालत नसे. बोदवडच्या एका मामांनी मुलीला चालायला सांगितलं, तर अक्कांनी नवऱ्या मुलालाच उठवून दारापर्यंत दोनदा चालवलं आणि "जरासा फेंगडा चालस, पन चाली जाई" असा निकाल दिला. दुसऱ्या एकांनी मुलीचे केस खरे आहेत ना, असं विचारलं. अक्का मुलाच्या वडिलांकडे वळल्या. "टोपी काढा भाऊ. पोऱ्याना डोकावर पुढे काय ऱ्हाई, ते आम्हले बी दिसू द्या." भाऊंनी टोपी काढली. पुढे कोणी केसांचा विषय काढला नाही.

पण त्यांचा सगळ्यात मोठा नियम वेगळा होता. बैठक उठण्याआधी त्या मुलीला एकटीला स्वयंपाकघरात नेत, दार लावून घेत आणि विचारत, "तुले आवडना का?" ती नाही म्हणाली की विषय संपला. का नाही, हे तिच्या आईनेसुद्धा विचारायचं नाही. यावरून कित्येक बाप अक्कांशी भांडले आणि घसा बसवून घेऊन घरी गेले.

एवढा कडेकोट बंदोबस्त, तरी एक फट राहिलीच होती. मुलाकडचे म्हणत, घरी आजी अंथरुणाला खिळली आहे, तिला दाखवायला चार दिवस फोटो द्या. आजीचं नाव निघालं की अक्का विरघळत आणि डबा उघडत.

एका सकाळी, मी तिथेच असताना, दोंडाईच्याहून एक गृहस्थ आले. मिरचीच्या आडतीवर दिवाणजी, एरवी खाली मान घालून बोलणारा माणूस. त्या दिवशी उंबऱ्यातूनच ओरडला, "अक्का, मन्ही आंडेरना फोटो धुयामा पानटपरीवर लायेल शे!" त्यांचा मेहुणा धुळ्याच्या त्या टपरीवर पान खायला गेला होता. आरशाच्या चौकटीत नट्यांच्या चित्रांशेजारी त्याला आपली भाची, म्हणजे यांची मुलगी, दिसली. आजीच्या नावाने फोटो नेणाऱ्या धुळ्याच्या कारकुनाने, मित्रांचं मत घ्यावं म्हणून तो तिथे खोचला होता. मुलीचं नर्सिंगला जायचं ठरलेलं, ते बापाने रद्द केलं. नाव बद्दू झालं, आता तिच्याशी लग्न कोण करणार? "जो कोनी हो म्हनी, त्याले दी टाकस." एक बिजवर त्यांनी हेरलासुद्धा होता.

अक्का अशा वेळी ओरडतील असं मला वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. "चूक मन्ही शे," एवढंच म्हणाल्या आणि पायात चपला घालून माझ्याकडे वळल्या. "जवाईबुवा, चाला धुयाले."

टपरीवाल्याने त्यांचा चेहरा पाहूनच फोटो काढून दिला. अक्कांनी तो पदराने पुसला, पोलक्यात ठेवला आणि तडक कारकुनाचं घर गाठलं. बैठकीत त्याचाच पदवीच्या झग्यातला, गळ्यात हार घातलेला मोठा फोटो होता. त्यांनी तो खिळ्यावरून उतरवला, काखेत मारला आणि चालू लागल्या. मागे मुलाचा बाप, बापामागे मुलगा, मुलामागे मी. टपरीवर येऊन त्यांनी तो फोटो आरशापुढे उभा केला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला विचारू लागल्या, "पसंद शे का?" लोक जमले. "कान मोठा शेतस, माय," एकजण म्हणाला. "चेहरा बरा शे, पन माले तर लबाड दिसस," दुसरा म्हणाला. मुलगा रडकुंडीला आला. "अक्का, उतरवा ना. लोक काय म्हणतील?"

"तिले लोक काय म्हनतीन, हाऊ इचार करा व्हता का तू?" अक्कांचा आवाज फाटला. मला हसू येत होतं, ते तिथेच थांबलं.

बापलेकांना पुढे घालूनच आम्ही दोंडाईच्याला दिवाणजींच्या घरी गेलो. मुलगा दिवाणजींच्या पायाशी वाकला, तशी अक्कांनी त्याला बखोटीला धरून उठवलं. "त्यास्ले नही. तिले माफी माग." मुलगी दाराआडून पुढे आली. त्याने मागितली. दिवाणजींनी फोटोसाठी हात पुढे केला. अक्कांनी तो बाजूला सारला आणि फोटो मुलीच्या हातात दिला. "तुले काय करनं शे?" मुलीने बापाकडे पाहिलं, मग फोटोकडे. "माले नर्सिंग शिकनं शे." दिवाणजींचे डोळे वाहत होते. मिरचीने की कशाने, ते मी विचारलं नाही. मग म्हणाले, "जाय मग. बिजवरले मी निरोप धाडस."

परतीच्या एसटीत अक्कांनी दारावर लावायच्या पाटीचा मजकूर ठरवला: फोटो घराबाहेर जाणार नाही, आजीसाठीसुद्धा नाही. पारोळा गेलं. खिडकीबाहेर बघत अचानक म्हणाल्या, "माले कोनी इचारं नव्हतं, जवाईबुवा."

एवढा सगळा राग कुठून येत होता, ते मला तेव्हा कळलं. मी चाचरत विचारलं, "विचारलं असतं, तर काय म्हणाला असतात?"

एरंडोल येईपर्यंत त्या विचार करत राहिल्या.

"हो म्हनती मी," त्या म्हणाल्या. "पन कोनी इचाराले पाहिजे व्हतं ना."

अक्का आणि नाना दोघंही आता नाहीत, म्हणून असेल, पण तो जळगावचा स्टँड मला अजून जसाच्या तसा दिसतो. नाना थर्मास घेऊन उभे होते. कधीपासून, कोण जाणे. "चहा लेशी का?" त्यांनी विचारलं. अक्का त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या, जणू कोणी स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन त्यांनाच विचारलं होतं. मग म्हणाल्या, "हो."