आजारपणाचं खातं

नोकरीसाठी न्यूझीलंडमध्ये पोरिरुआला आलो तेव्हाच आम्ही बँकेत एक वेगळं खातं उघडलं. बायकोने ॲपमध्ये त्याला नाव दिलं, 'आजारपण'. त्यात दर महिन्याला थोडे डॉलर पडत आणि तिथेच राहत. त्या पैशांना हात लावला की आजार येतो, अशी माझ्या आईची समजूत होती. मी असल्या समजुतींना हसतो. पैशांना हात मात्र लावत नाही.

मला पंचाहत्तर झाली. इथल्या मराठी मंडळाने शाल-श्रीफळ दिलं, एका वक्त्याने मला दीपस्तंभ म्हटलं. इथे या वयात गाडीच्या लायसनला डॉक्टरांचा दाखला लागतो; त्याच आठवड्यात त्यासाठी गेलो, तर दीपस्तंभाला तक्त्यावरची तिसरी ओळही वाचता येईना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सरकारी इस्पितळात ऑपरेशन फुकट होतं, पण नंबर कधी लागेल ते कोणी सांगेना. आमचं घर टेकडीवर, बस तासाला एक, आणि बायको गाडी चालवत नाही. लायसन गेलं तर दोघंही घरात अडकणार.

"खात्यातले काढा आणि खाजगीत करून टाका," बायको म्हणाली.

"ते आजारपणासाठी आहेत. मोतीबिंदू हा आजार नाही, वय आहे."

"मग तुमच्या मते आजार कुठला?"

"हार्ट अटॅक. कॅन्सर. काहीतरी भारदस्त."

"अहो, हार्ट अटॅक आला तर इथे लगेच आत घेतात, वर बिलही नाही! रांग आहे ती डोळ्यांना. इतकी वर्षं आपण फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी साठवतोय!"

जन्मभर इंजिनिअर म्हणून भार येतो तिथे खांब उभे केले. घरी मात्र भारच नाही तिथे खांब बांधत होतो.

खात्यातले पैसे काढले आणि काही आठवड्यांच्या अंतराने खाजगीत दोन्ही डोळे झाले. पुन्हा तपासणीला गेलो तेव्हा तक्ता वाचून झाल्यावर खालचं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास, आणि दाखल्यावर सही केली.

परतताना बायको शेजारी बसून फोन चाळत होती.

"खात्याचं नाव बदलते. 'गुडघा' ठेवू?"

"कोणाचा?"

"माझा. दोन वर्षं दुखतोय. मला वाटलं, तेही वयच असेल."

पुढच्या गोल चौकातून मी गाडी परत दवाखान्याकडे वळवली.